मानेवरची दोन मापं : जोस पठारावरच्या एका फुलानी कळपाची क्षयतपासणी

कळप ४४ जनावरांचा, फुलानी या गुरं राखणाऱ्या जमातीचा. दुभत्या गाई १७, भाकड आणि गाभण मिळून ८, कालवडी ७, वळू एक, वासरं ११. ठिकाण नायजेरियाच्या मध्यावरचं जोस पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर. दिवस ऑक्टोबर अखेरचे. पाऊस ओसरलाय, गुरं अंगाने भरलीत आणि कोरड्या महिन्यांत बेन्वे नदीच्या खोऱ्याकडे उतरायचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

हा कळप कुणा एका कुटुंबाचा नाही. पठारावरच्या वस्त्यांत जे पुन्हा पुन्हा समोर येतं, त्यावरून तो उभा केला आहे. जनावरांची संख्या आणि मानेची मापं हिशेब दाखवण्यापुरती आहेत. पद्धत, प्रमाणं आणि होणाऱ्या चुका मात्र प्रत्यक्ष कामातल्या आहेत.

गाई बहुतेक बुनाजी जातीच्या, म्हणजे पांढऱ्या फुलानी. रंग आणि लांब शिंगं पाहून आपल्याला खिल्लार आठवेल, पण वशिंड मोठं आणि शिंगं बाहेर फाकून वर वळणारी. वासराचा वाटा सोडून एका गाईमागे दिवसाला लिटर, फार तर दोन लिटर दूध हाती येतं. धार कुठे बायका काढतात, कुठे मुलगे. पण दूध घरातल्या बाईचं आणि विक्रीचे पैसेही तिचेच. सगळ्या गाईंचं दूध एकाच भोपळ्याच्या भांड्यात पडतं, रात्रभर आपोआप आंबतं आणि सकाळी डोक्यावरून बाजारात जातं. दुधाला फुलफुल्दे भाषेत कोसम म्हणतात. आंबवलेल्याला हौसा भाषेत नोनो. बाजरीच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर, म्हणजे फुराबरोबर, ते भर बाजारात पोटभरीचं जेवण म्हणून खाल्लं जातं. या साखळीत दूध कुठेही चुलीवर चढत नाही. क्षयाच्या दृष्टीने सगळं प्रकरण इथून सुरू होतं.

गाईंचा क्षय मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूमुळे होतो. नायजेरिया, कॅमेरून, चाड आणि माली इथल्या गुरांत या जंतूचं एक वेगळं घराणं आढळतं. त्याला आफ्रिकन-१ म्हणतात आणि २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं. चार देशांत एकच घराणं सापडावं यात नवल नाही, गुरांच्या वाटाही तशाच सीमा न जुमानणाऱ्या आहेत. माणसांत हा जंतू मुख्यतः कच्च्या दुधातून आणि आजारी गुरांच्या निकट सहवासातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगभरात सुमारे १,४०,००० माणसांना गुरांकडून आलेला क्षय झाला आणि त्यातली ११,४०० दगावली.

सुई काढण्याआधी

तपासणीत मानेच्या कातडीत क्षयजंतूपासून केलेलं द्रव्य, म्हणजे ट्युबरक्युलिन, टोचतात आणि ७२ तासांनी कातडी किती सुजली ते मोजतात. त्या मोजण्यालाच वाचन म्हणतात. पण पहिला प्रश्न जनावरांचा नाही, मालकाचा आहे. "बाधित निघाली तर गाय नेणार का?" याचं सरळ उत्तर तयार नसेल तर त्या दिवशी पेटी उघडू नये. युरोपात बाधित जनावर मारतात आणि मालकाला भरपाई मिळते. नायजेरियात अशी चालती भरपाई योजना नाही. भरपाईचा शब्द न देता मानेवर सूज दाखवून दिली, तर ती गाय पुढच्या बाजारात विकली जाते. विकत घेणाऱ्याला सूज कसली ते कळत नाही, आठवड्याभरात ती ओसरते आणि क्षय दुसऱ्या कळपात पोहोचतो. म्हणजे तपासणीनेच रोग पसरवला. आमच्या मते पुढचं काहीच ठरलेलं नसताना केलेली तपासणी न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट.

म्हणून आर्दोशी, म्हणजे वस्तीच्या प्रमुखाशी, दोन बैठका आधी होतात. या कळपासाठी चार गोष्टी ठरल्या. गाय जबरदस्तीने नेली जाणार नाही. निकाल मालकाला एकट्याला सांगितला जाईल, चारचौघांत नाही. तपासणी सुरू झाल्यापासून ७२ तास कुणी जनावर विकणार नाही. बाधित निघालेली गाय विकायची झाली तर थेट कत्तलखान्यातच जाईल, दुसऱ्या कळपात नाही. शेवटची अट सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात मोलाची.

गुरं मोजायलाच विरोध झाला तर रागावू नये. जंगाली नावाचा गुरांवरचा कर इंग्रजांच्या काळात डोई मोजून घेतला जायचा. तो गेला, पण मोजणाऱ्याबद्दलचा संशय राहिला. वर गुरेचोरांची भीती आहेच. गावात आकडा फुटला की कळप कुणाच्या तरी नजरेत भरतो. त्यामुळे वहीत एकूण आकडा लिहून दाखवत बसण्यापेक्षा एकेक गाय पुढे घेणं बरं. प्रत्येक गाईला रंगावरून, शिंगांवरून, आईच्या वंशावरून नाव असतं. तेच नाव वहीत लिहायचं, शेजारी कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक. बिल्ला पडतो. नाव पडत नाही.

मालकी हा दुसरा गुंता. कळप एका माणसाच्या दारात असला तरी त्यातल्या गाई चौघांच्या असतात : बायकोला माहेरून आलेली, परगावी असलेल्या भावाची, शहरातल्या एखाद्या व्यापाऱ्याची राखायला दिलेली. शिवाय हब्बनाए नावाची एक सुंदर चाल आहे. मित्राला किंवा अडचणीतल्या नातेवाइकाला गाय उसनी द्यायची. तिची दोन-तीन वेतं त्याने ठेवायची आणि गाय परत करायची. साथीत कळप बसलेला माणूस या चालीवर पुन्हा उभा राहतो. आणि क्षयाची गाय याच चालीने एका वस्तीतून दुसरीत जाते. म्हणून वहीत "गाय कुठून आली, कधी आली" हा रकाना असलाच पाहिजे. या कळपात १७ दुभत्यांपैकी ३ हब्बनाएच्या निघाल्या.

शब्दही जपून वापरावा. हौसात माणसाच्या क्षयाला तारिन फुका म्हणतात आणि त्या शब्दाला लाज चिकटलेली आहे. गुराख्याच्या मते गाईचा खोकला म्हणजे फुफ्फुसाचा आजार, आणि त्यात तो संसर्गजन्य फुफ्फुसदाहही धरतो. तो रोगही इथे मुक्कामाला आहे आणि खोकल्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. "खोकणारी गाय दाखवा" एवढ्यावर शोध घेतला तर क्षयाच्या धडधाकट दिसणाऱ्या गाई सगळ्या निसटतात. बाधित गाईंत त्याच जास्त असतात.

सोमवार, सकाळी साडेसहा

सोमवार मुद्दाम निवडलेला. ७२ तासांनी गुरुवार येतो. मंगळवारी टोचलं तर वाचन शुक्रवारी, आणि शुक्रवारी जुम्मा. जवळचा गुरांचा बाजार कोणत्या वारी भरतो तेही पाहून ठेवायचं. वेळ सकाळची, गुरं चरायला सुटण्याआधीची. रात्री कळप दुडलभोवती, म्हणजे धुमसत्या शेकोटीभोवती, दाटीने बसलेला असतो. धुराने माश्या दूर राहतात. पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात. तेव्हा ही दाटी आणखी वाढते आणि एकीचा श्वास दुसरीच्या नाकाशी येतो. वासरं दांगोलला बांधलेली असतात. दोन खुंट्यांमध्ये ताणलेला हा लांब दोर म्हणजे आपल्याकडची दावणच. वासरू बांधलेलं असलं की आई लांब जात नाही, याचा पकडण्यासाठी उपयोग होतो.

लाकडी खोडा बहुतेक वस्त्यांत नसतो. आदल्या दिवशी बल्ल्या रोवून सात मीटर लांब, सुमारे ७० सेंटिमीटर रुंद गल्ली केली तर एका वेळी चार गाई रांगेत उभ्या राहतात आणि एका गाईला तीन मिनिटं पुरतात. गल्लीविना शिंग आणि नाकपुडी धरून, मागचा पाय दोराने बांधून काम होतं, पण त्याला दुप्पट वेळ लागतो. आणि माप चुकतं, हे जास्त वाईट. गाईने मान ताणली की कातडी पातळ भरते, वळवली की घडी पडून जाड.

सहा आठवड्यांखालची ४ वासरं सोडली. उरली ४०. प्रत्येकीला दोन टोचण्या : वर पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून केलेलं ट्युबरक्युलिन, खाली गाईंच्या जंतूपासूनचं. प्रत्येकी ०.१ मिलिलिटर. म्हणजे दोन्ही मिळून ४० × २ = ८० टोचण्या आणि प्रत्येक द्रव्य ४ मिलिलिटर. सिरिंज भरताना, हवा काढताना आणि चुकलेल्या टोचणीत वाया जातं, म्हणून प्रत्येकी ५ मिलिलिटर न्यावं. कुप्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, उजेडापासून झाकून. बर्फाच्या पिशवीला कुपी थेट टेकवू नये. गोठलेलं ट्युबरक्युलिन निकामी समजावं. उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवायची किंवा टाकायची.

सिरिंजा दोन, आणि त्यांच्यावर दोन रंगांची चिकटपट्टी. ही क्षुल्लक वाटणारी पट्टी सगळं प्रकरण वाचवते. दोन द्रव्यांची अदलाबदल झाली तर निकाल उलटा येतो, आणि तो उलटा आलाय हे गुरुवारी ओळखायचा कोणताही मार्ग नसतो.

जागा मानेच्या मधल्या भागात, खांद्याच्या रेषेला समांतर. वरची मानेच्या कण्याखाली साधारण १० सेंटिमीटरवर, खालची तिच्याखाली सुमारे १२.५ सेंटिमीटरवर. वासराच्या मानेवर एवढं अंतर मावत नाही. तिथे एक टोचणी डाव्या बाजूला, दुसरी उजव्या. दोन्ही ठिकाणचे केस वाकड्या कात्रीने चौकोनात कापायचे, कातडी चिमटीत उचलायची आणि कॅलिपरने जाडी मोजून लगेच लिहायची. गोचीड, खपली, जुनी गाठ असलेली जागा टाळायची. पावसाळ्याच्या शेवटी बुनाजी गाईंच्या मानेवर डर्मॅटोफायलोसिस या कातडीच्या रोगाच्या खपल्या खूप असतात. खपलीवर घेतलेलं माप दोन्ही दिवशी खोटं. त्याच सुमारास फुफ्फुसदाहाची लस टोचली असेल तर त्या गाठीपासूनही दूर राहायचं.

सुई तिरकी, कातडीच्या थरातच. बरोबर बसली की बोटाला तुरीच्या दाण्याएवढा टणक फुगवटा लागतो. लागला नाही तर द्रव्य कातडीखाली गेलं. मग त्याच जागी पुन्हा टोचून उपयोग नाही, थोडं बाजूला पुन्हा टोचावं आणि तशी नोंद करावी. घाईत नेमकी हीच नोंद राहते. उजाडता उजाडता पहिल्या दहा गाई नीट होतात. ऊन चढायला लागलं, गुरं हंबरायला लागली, गुराखी पोरं "सोडा आता" म्हणायला लागली, की शेवटच्या दहांत दाणा तपासणं सुटतं. शंका असेल तर शेवटच्या दहा गाई दुसऱ्या सोमवारी घ्याव्यात.

निघताना घरच्यांना एक गोष्ट दोनदा सांगायची : मानेवर सूज आली तर राख, तेल, पाला काही चोळायचं नाही आणि डागायचं तर मुळीच नाही.

गुरुवार

४० पैकी ३७ आल्या. वळू आणि एक कालवड एका पोराबरोबर दुसऱ्या भावाच्या कळपात गेली होती. एक भाकड गाय बुधवारी विकली गेली. घरात आजारपण होतं, पैसे लागले. ठरलेली अट मोडली म्हणून ओरडून काही मिळत नाही. तिघांच्या नावापुढे "वाचन नाही" लिहायचं. यांना ठणठणीत म्हणून मोजणं ही अहवालांत नेहमी दिसणारी लबाडी आहे, आणि बऱ्याचदा ती नकळत होते. भाजक ३७ आहे. ४० नव्हे, ४४ तर नव्हेच.

माप त्याच माणसाने, त्याच कॅलिपरने घ्यायचं. प्रत्येकाची चिमूट वेगळी असते, आणि एका मिलिमीटरवर निकाल फिरतो. सूज दिसत नसली तरी मोजायचं.

पाचव्या वेताची एक बुनाजी, दुभती. वरची जागा ७ वरून ९ मिलिमीटर, खालची ७ वरून १६. वाढ वर २, खाली ९. फरक ७. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या मापाने फरक ४ पेक्षा जास्त असला तर बाधित, १ ते ४ संशयित, खालची वाढ वरच्याएवढी किंवा कमी असेल तर निर्दोष. म्हणजे ही बाधित. दुसरी गाय वर ६ वरून ७, खाली ७ वरून १३. फरक ५, तीही बाधित. एक कालवड वर ६ वरून ८, खाली ६ वरून ११. आणखी एक दुभती वर ६ वरून ८, खाली ७ वरून १२. दोघींचा फरक ३, म्हणून संशयित. मग एक गाय अशी की जिच्या दोन्ही जागा सुजलेल्या : वर ७ वरून १२, खाली ७ वरून १२. फरक शून्य, म्हणून निर्दोष.

ही शेवटची गाय दोन सुयांचं कारण सांगते. नुसतं गाईच्या जंतूचं ट्युबरक्युलिन टोचलं असतं तर ५ मिलिमीटर वाढीवर ती सरळ बाधित ठरली असती. माती-पाण्यातले क्षयाचे निरुपद्रवी चुलतभाऊ आणि जोन्स या आतड्यांच्या रोगाचा जंतू हेही कातडीला जागं करतात, पण ते वरच्या जागेलाही तेवढंच जागं करतात. फदामात, म्हणजे नदीकाठच्या दलदलीच्या कुरणात, चरणाऱ्या गुरांत हे नेहमीचं आहे. खर्च वाचवायला एकाच सुईवर काम भागवलं की अशाच गाई हकनाक जातात. एकदा तसं झालं की वस्ती पुन्हा दार उघडत नाही.

४ मिलिमीटरची रेघ समशीतोष्ण देशांतल्या गुरांवर ठरलेली आहे. इथिओपिया आणि चाडमधल्या अभ्यासांत २ मिलिमीटरची रेघ जास्त कामाची दिसली. बाधित जास्त सापडल्या. ती लावली तर या कळपात बाधित चार : पहिल्या दोघी, कालवड आणि ती दुभती. दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि कोणत्या रेघेने कोणता आला तेही. कारवाई कोणत्या रेघेवर करायची हे पुढच्या उपायावर ठरवावं. गाय कापायची असेल तर ४. नुसतं तिचं दूध वेगळं ठेवून तापवायचं असेल तर २. दुधाच्या बाबतीत कडक राहायला फारसं काही लागत नाही.

जिच्या मानेवर काहीच आलं नाही

कळपातली सगळ्यात म्हातारी गाय. बरगड्या दिसतात, कोरडा खोकला, घशाच्या मागची गाठ हाताला लागते. वर ७ वरून ७, खाली ७ वरून ७. कागदावर निर्दोष.

कागदावर विसंबू नये. ट्युबरक्युलिनची सूज ही शरीराची ताकद दाखवते; रोग फार पुढे गेला की ती ताकदच उरत नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईत काही आठवडे प्रतिक्रिया मंदावते. यकृतातला पर्णकृमी ती दबवतो, आणि फदामात चरणाऱ्या गाईत तो हमखास असतो. उपासमारीनेही तेच होतं. उन्हाळ्याच्या शेवटी हाडं मोजता येतील अशा गुरांची तपासणी केली तर कळप स्वच्छ निघतो. म्हणून तर ऑक्टोबर निवडला. आधीची टोचणी होऊन दोन महिने झाले नसतील तर कातडी थकलेली असते आणि पुन्हा काहीच दाखवत नाही. ब्रिटनमध्ये सगळं जागेवर असतानाही हीच चाचणी नेहमीच्या रेघेवर साधारण पाचातली एक बाधित गाय चुकवते. पठारावर ती त्याहून बरी चालेल असं मानायला जागा नाही.

तेव्हा म्हाताऱ्या गाईपुढे "चाचणी नकारात्मक, लक्षणांवरून दाट संशय" असं लिहिलं गेलं. ती बहुधा कळपातली सगळ्यात धोकादायक गाय होती. रक्ताची इंटरफेरॉन-गॅमा चाचणी इथे कामाला आली असती का? ते रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचून उबवावं लागतं, पेशी जिवंत असाव्या लागतात. रस्ता आणि वीज पाहता कागदावर चांगली, जमिनीवर अवघड.

खात्री होते ती कत्तलीनंतर. मालकाने म्हातारी गाय विकायचं कबूल केलं तेव्हा तिच्याबरोबर कुणीतरी कत्तलखान्यात गेलं पाहिजे. घशामागच्या, फुफ्फुसांच्या मुळाशी असलेल्या आणि आतड्यांच्या पडद्यातल्या लसिकाग्रंथी चिरून पाहायच्या. क्षयाची गाठ पिवळसर, खव्यासारखी भुसभुशीत असते आणि जुनी असेल तर सुरीखाली वाळू लागल्यासारखी करकरते. तुकडा निर्जंतुक डबीत, थंड पेटीतून. वोमची राष्ट्रीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १९२४ पासून याच पठारावर आहे, एवढी सोय तरी आहे. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची, मागणी करताना "पायरुव्हेट असलेलं माध्यम" हे शब्द लिहावेत. माणसाच्या क्षयासाठीच्या नेहमीच्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमात ग्लिसरॉल असतं आणि त्यावर बोव्हिस नीट वाढत नाही. महिना-दोन महिन्यांनी "वाढ नाही" असा अहवाल येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात, चुकीचा.

विरजण

चार गाईंना आणि म्हातारीला धरून पाच. त्या आजच जाणार नाहीत. पावसाळा संपताना अंगावर मांस असतं, तेव्हा भाव बरा येतो. मालकाने ज्या दोन विकायच्या कबूल केल्या त्या याच हंगामात. कालवड आणि दुभती फेरतपासणीपर्यंत थांबतील. बुधवारी विकलेल्या गाईचा माग आर्दोनेच काढायचा ठरलं. बाकीच्यांसाठी मधला मार्ग : रात्री दुडलपासून दूर वेगळा खुंटा, पाण्याला सगळ्यांच्या नंतर, धार सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या भांड्यात. वासराचा प्रश्न यात सुटत नाही. या जातीची गाय वासरू सडाला लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही, त्यामुळे बाधित गाईचं वासरू रोज तोंड लावणारच. त्याला पुढच्या फेरीत सगळ्यांच्या आधी टोचायचं.

खरा उपाय चुलीवर आहे आणि तो बायकांशी बोलल्याशिवाय होत नाही. आर्दोशी दोन बैठका आणि दूध विकणाऱ्या बाईशी एकही नाही, असं पुष्कळदा होतं. मग सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दूध पूर्वीसारखंच कच्चं गेलं, यात नवल काय?

बाधित गाईंपैकी थोड्यांच्याच कासेत क्षय उतरतो. पण सगळं दूध एका भांड्यात पडतं, तेव्हा एक कास पुरते. आंबवल्याने जंतू मरतो ही समजूत सगळीकडे आहे. त्यावर विसंबता येत नाही. ६३ अंशांवर ३० मिनिटं दूध ठेवलं तर जंतू मरतो. थर्मामीटर नसेल तर एक उकळी येऊ द्यायची, ढवळत राहायचं. बायकांची हरकत चवीची नाही, तर ही की तापवलेलं दूध आंबत नाही, नासतं. ती हरकत खरी आहे. कच्च्या दुधात आंबवणारे जंतू मुळातच असतात, ते उकळीत मरतात. इथे मराठी घरातलं रोजचं काम कामाला येतं. आपल्याकडे दूध तापवूनच विरजतात, त्याचं ताक घुसळून लोणीही काढतात. उकळलेलं दूध बोट बुडवून सोसेल इतकं कोमट झालं की पाच लिटरला १०० ते १५० मिलिलिटर विरजण घालून ढवळायचं आणि झाकून ठेवायचं.

फसतं ते पहिल्याच दिवशी. विरजण म्हणून कालचं कच्च्या दुधाचं नोनो घातलं जातं, आणि तापवून मारलेला जंतू चमच्याने परत आत जातो. म्हणून पहिलं विरजण बाजारातल्या साध्या, जिवंत जंतूंच्या दह्याचं घ्यायचं. पुढे तापवलेल्या दुधाचंच चालवायचं. दुसरं कारण भांडं. भोपळ्याचं भांडं सच्छिद्र असतं, जुनं दूध त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तापवलेल्या दुधासाठी वेगळं, उकळत्या पाण्याने धुतलेलं भांडं लागतं. तिसरं, लाकूड. पाच लिटर दूध उकळायचं सरपण कोण आणणार? ते त्याच बाईला आणावं लागतं. तापवलेल्या नोनोला गिऱ्हाईक चार पैसे जास्त देणार नसेल तर ती फार दिवस तापवणार नाही. निदान घरच्या पोरांच्या वाट्याचं आणि संशयित गाईंचं एवढं तरी तापवायचं, अशी तडजोड या कळपात झाली. पूर्ण उपाय नाही, पण टिकणारा आहे.

घरातली माणसंही त्याच दिवशी विचारात घ्यायची. दोन आठवड्यांवरचा खोकला, मुलांच्या मानेत सुजलेल्या गाठी, पोटदुखीसह वाळत चाललेलं मूल. नायजेरिया आणि भारत दोन्ही जगातल्या सर्वाधिक क्षयरुग्णांच्या देशांत आहेत, त्यामुळे यातला बहुतेक क्षय माणसाकडून माणसाला आलेला असणार. जीनएक्सपर्ट या क्षय तपासणाऱ्या यंत्रावर माणसाचा आणि गाईचा क्षय दोन्ही सारखेच दिसतात. यंत्र "क्षय आहे" म्हणतं, कोणता ते सांगत नाही. फरक पडतो तो औषधात. बोव्हिसवर पायराझिनामाइड जन्मजातच चालत नाही, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांच्या चार औषधांतलं एक फुकट जातं, आणि अशा रुग्णाला सहाऐवजी नऊ महिने उपचार देतात. म्हणून चिठ्ठीवर एक ओळ लिहून द्यायची : "कच्चं दूध पितो, घरात ट्युबरक्युलिन-बाधित गाई." ही ओळ डॉक्टरला दुसरीकडून कुठूनही मिळणार नाही.

पुढची फेरी

संशयितांना ६० दिवसांनी पुन्हा टोचायचं. ऑक्टोबर अखेरीला ६० दिवस मिळवले की डिसेंबरचा शेवट येतो, आणि तोवर अर्धा कळप खाली खोऱ्यात गेलेला असतो. दुभत्या गाई वस्तीपाशी राहतात, कालवडी आणि भाकड जनावरं जातात. म्हणजे ३ मिलिमीटर फरकाची दुभती डिसेंबरात सापडेल, तीच ३ मिलिमीटरची कालवड सापडणार नाही. तिला निघण्याआधी वस्तीतच ठेवून घ्यायची, किंवा पावसाने परत आल्यावर, दोन-तीन महिने अंगावर गवत चढू देऊन, ऑगस्ट-सप्टेंबरात घ्यायची. या कळपात तिला ठेवून घेतलं गेलं. चारा बांधून आणण्याचं काम धाकट्या मुलावर आलं आणि तो नाराज आहे.

पाचव्या वेताची बाधित बुनाजी हब्बनाएची निघाली. तीन वर्षांपूर्वी पठाराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून आलेली, तिथल्या मालकाची. तिला परत पाठवायची नाही आणि विकायचीही नाही, त्याचा होकार येईपर्यंत. निरोप न्यायला माणूस गेला आहे. वहीत त्या वस्तीचं नाव आणि पुढच्या दौऱ्यासाठी ट्युबरक्युलिनच्या प्रत्येकी आणखी दोन कुप्यांची मागणी लिहून ठेवली आहे.